दोन लपवलेली नावं: ‘लैला’ हे गाणं आधी का बुडालं आणि मग कसं तरलं

लैला कोण, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एखादा पोरगा प्रेमात खुळावला की चारचौघं ‘याचा पार मजनू झालाय’ म्हणून मोकळे होतात. पण रॉक संगीतातलं सर्वांत गाजलेलं एक प्रेमगीत याच लैलाच्या नावाचं आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं. त्याचं एक साधं कारण असं की गाणारा इंग्रज ते नाव ‘लेला’ असं म्हणतो. मी कॅसेटवर हे गाणं कितीतरी वेळा ऐकलं होतं, आणि तरी ही आपल्या ओळखीचीच लैला आहे हे फार उशिरा कळलं. कळलं त्या दिवशी गाणं नव्याने ऐकलं, आणि तेव्हापासून ते माझ्या मनातून उतरलेलं नाही.

हे गाणं इंग्रज गिटारवादक एरिक क्लॅप्टनचं. 1970 साली ध्वनिमुद्रित झालेलं. त्याची गोष्ट दोन लपवलेल्या नावांची आहे. एक नाव गाण्यातल्या बाईचं, दुसरं गाणाऱ्याचं स्वतःचं. गाणाऱ्याचं नाव लपलं म्हणून गाणं आधी बुडालं, आणि बाईचं नाव लपलं म्हणून ते आजपर्यंत टिकलं असं माझं मत आहे.

आधी माणसं समजून घेऊ. जॉर्ज हॅरिसन हा बीटल्सचा गिटारवादक. 1964 साली बीटल्सच्या पहिल्या सिनेमाच्या चित्रीकरणात त्याची पॅटी बॉइड या मॉडेलशी ओळख झाली, जानेवारी 1966 मध्ये दोघांनी लग्न केलं. त्याच वर्षी सप्टेंबरात हे नवरा-बायको मुंबईत आले होते, रविशंकरांकडे जॉर्जला सतार शिकायची होती म्हणून. ताजमहाल हॉटेलात ते खोट्या नावाने उतरले, पण बातमी फुटायची ती फुटलीच. 1968 च्या जानेवारीत जॉर्ज पुन्हा मुंबईत आला आणि इथल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत इथल्याच वादकांना घेऊन त्याने ‘वंडरवॉल म्युझिक’ या रेकॉर्डसाठी काही तुकडे मुद्रित केले. याच रेकॉर्डवर, इंग्लंडमध्ये मुद्रित झालेल्या एका तुकड्यात, एडी क्लेटन नावाचा एक गिटारवादक आहे. हा एडी क्लेटन म्हणजेच एरिक क्लॅप्टन. कलाकार एका कंपनीशी करारात बांधलेला असला की दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डवर असं टोपणनाव घेऊन वाजवत असे. जॉर्जनेही क्लॅप्टनच्या बँडच्या एका गाण्यात असंच वेगळं नाव लावून वाजवलं होतं. दोघं जिवलग मित्र होते, एकमेकांच्या घरी रोजची ये-जा होती.

आणि या जाण्या-येण्यातच क्लॅप्टन मित्राच्या बायकोच्या प्रेमात पडला.

1970 मध्ये पॅटीला एक पत्र आलं. बारीक अक्षर, खाली सही म्हणून नुसतं एक इंग्रजी ‘ई’. कुणा चाहत्याचं असेल असं समजून तिने ते जॉर्जला दाखवलंसुद्धा. संध्याकाळी क्लॅप्टनचा फोन आला, पत्र मिळालं का, असं विचारायला. तेव्हा तिला उलगडा झाला. हे सगळं तिने स्वतःच 2007 साली आलेल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे.

याच सुमाराला इयन डॅलस नावाच्या मित्राने क्लॅप्टनला लैला-मजनूची गोष्ट वाचायला दिली. ही गोष्ट मूळ अरबस्तानातली, सातव्या शतकातल्या कैस नावाच्या कवीची. पण तिला आजचं रूप दिलं ते निजामी गंजवी या फारसी कवीने 1188 च्या सुमारास. निजामी गंजा गावचा, आज ते अझरबैजानमध्ये येतं. त्याच्या काव्याचा जीव थोडक्यात असा: कैस आणि लैला लहानपणापासूनचे सोबती. कैस तिच्यावरच्या कविता गावभर गात सुटतो, म्हणून तिच्या बापाला लाज वाटते आणि तो तिला देत नाही. तिचं लग्न दुसऱ्याशी लावतात. कैस वाळवंटात निघून जातो, जनावरांच्या संगतीत राहतो, आणि लोक त्याला ‘मजनून’ म्हणू लागतात. मजनून म्हणजे जिनाने झपाटलेला, वेडा. आपण ‘जुनून’ म्हणतो तो शब्द याच मुळातला. पुढे आपल्या अमीर खुसरोनेही या गोष्टीवर काव्य लिहिलं आणि ती भारतभर रुजली.

क्लॅप्टनला या गोष्टीत स्वतःचा चेहरा दिसला. दुसऱ्याच्या घरात असलेली बाई, आणि तिच्या नावाचा जप करत वेडा होत चाललेला माणूस. त्याच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात तो म्हणतो की मला वेड लागायच्या आत काहीतरी मार्ग काढू या. नुसत्या इंग्रजीत ऐकलं तर ते साधं वाक्य आहे. मजनून या शब्दाचा अर्थ माहीत असला की तेच वाक्य अंगावर येतं. ‘लैला’ ज्या अल्बममध्ये आहे, त्यातल्या आणखी एका गाण्यात निजामीच्या ओळी घेतल्या आहेत, आणि तिथे गीतकार म्हणून निजामीचं नाव रीतसर छापलेलं आहे. आठशे वर्षांपूर्वीचा फारसी कवी रॉकच्या रेकॉर्डवर श्रेयासह, ही गोष्ट मला अजून थक्क करते.

आता दुसरं लपवलेलं नाव. साठच्या दशकात लंडनच्या भिंतींवर ‘क्लॅप्टन देव आहे’ असं लिहिलेलं दिसायचं. त्याला हे ओझं नकोसं झालं होतं. मोठ्या नावाच्या बँडांतून बाहेर पडून चार वादकांतला एक व्हावं, असं त्याच्या मनात होतं. म्हणून नव्या बँडचं नाव ठेवलं ‘डेरेक अँड द डॉमिनोज’. डेरेक नावाचा माणूस त्यात नव्हताच. बॉबी व्हिटलॉक ऑर्गनवर, कार्ल रॅडल बेस गिटारवर, जिम गॉर्डन ड्रम्सवर आणि क्लॅप्टन. यातली खरी दुखरी बाब अशी, की हा बँड जुळून आला तोच मुळी जॉर्ज हॅरिसनच्या नव्या अल्बमवर वाजवताना. म्हणजे 1970 च्या उन्हाळ्यात क्लॅप्टन मित्रासाठी वाजवत होता आणि मनात त्याच्या बायकोसाठीचं गाणं घडत होतं.

ऑगस्टच्या अखेरीस बँड अमेरिकेत मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत पोचला. निर्माता टॉम डाउड. तरुणपणी अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पात काम करून मग ध्वनिमुद्रणाकडे वळलेला हा माणूस. 26 ऑगस्टला मायामीत ऑलमन ब्रदर्स बँडचा कार्यक्रम होता. डाउड सगळ्यांना तिकडे घेऊन गेला. क्लॅप्टन मंचाच्या अगदी पुढ्यात जमिनीवर जाऊन बसला. वाजवता वाजवता त्यांचा गिटारवादक ड्वेन ऑलमन याने डोळे उघडले, समोर क्लॅप्टन दिसला आणि त्याचे हात जागीच थांबले. त्या रात्री सगळे मिळून स्टुडिओत परतले आणि वाजवत बसले. ड्वेन पाहुणा म्हणून आला होता. अल्बमच्या 14 पैकी 11 गाण्यांत तो आहे.

‘लैला’ मुळात संथ गाणं होतं. त्याचं जे रूप आज जगाला पाठ आहे, ते ड्वेनने काढलेल्या एका रिफमुळे. रिफ म्हणजे वाद्यावर पुन्हा पुन्हा येणारी छोटी, ठसठशीत ओळ. शब्द यायच्या आधीच गाणं ओळखू येतं ते रिफमुळे. ब्लूज गायक अल्बर्ट किंगच्या ‘अ‍ॅज द इयर्स गो पासिंग बाय’ या गाण्यात एक रेंगाळणारी गाण्याची ओळ आहे. ड्वेनने तीच ओळ उचलली, वेग भरमसाट वाढवला, आणि गळ्यातली विनवणी गिटारवर आणली.

घरात पेटी असेल तर हे स्वतः वाजवून बघा, वाचण्यापेक्षा लवकर कळेल. पांढरी दोनचा सा धरा. मंद्र पंचम, मंद्र कोमल निषाद, सा, कोमल गंधार, सा, मंद्र कोमल निषाद, सा. एवढे सात ठोके, घाईने, एका दमात. बस, हीच ती सुरुवात. सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी हे पाच सूर आपल्या धानी रागाचे. पाश्चात्त्य संगीतात याच पाच सुरांना मायनर पेंटॅटॉनिक म्हणतात, आणि ब्लूजचा कणा तोच आहे. गाणं धानीत बांधलंय असं मी म्हणत नाही, कारण रागाचं चलन वेगळं आणि मागे वाजणाऱ्या कॉर्डमध्ये, म्हणजे एकदम वाजवलेल्या सुरांच्या जुळणीत, धानीत नसलेले सूरही येतात. पण आपल्या कानाला ही ओळ परकी वाटत नाही, याचं एक कारण हे सूर असावेत.

यापुढची करामत खरी बारकाईची आहे. सुरुवात आणि मुखडा पांढरी दोनमध्ये आहे. पण कडवं सुरू झालं की सा अर्धा सूर खाली घसरतो, काळी एकवर येतो. ज्याला स्वरज्ञान नाही त्यालाही पायाखालची जमीन हलल्याचं जाणवतं, फक्त का ते सांगता येत नाही. कडव्यात तो तिला समजावतोय, एकटी पडशील तेव्हा काय करशील असं विचारतोय. आणि कडवं संपून तिचं नाव घ्यायची वेळ आली की गाणं पुन्हा पांढरी दोनवर उडी घेतं. भांडताना माणूस मध्येच आवाज उतरवतो, शांतपणे सांगू बघतो, आणि मग न राहवून पुन्हा ओरडतो, तसंच हे. शब्दांत तो गुडघे टेकून विनवतो म्हणून सांगतो. पण विनवणी कानाला ऐकू येते ती या अर्ध्या सुराच्या चढ-उतारातून. हे गाणं प्रेमाची कबुली देत नाही, ते याचना करतं, आणि याचनेचं उत्तर गाण्यात कुठेच नाही.

त्यावर ड्वेनची स्लाइड. डाव्या हाताच्या बोटात काचेची नळी घालून ती तारेवरून घसरवायची, म्हणजे सूर तुटक न येता ओघळत येतात. आपल्याकडे हवाईयन गिटार ऐकलेल्यांना हा आवाज ओळखीचा आहे, आणि आपली मींड तीच. ड्वेनची नळी म्हणजे सर्दीच्या गोळ्यांची रिकामी बाटली होती. गिटारच्या पट्टीवरचे पडदे जिथे संपतात त्याच्याही पुढे, जिथे बोटाला खूण अशी काहीच नाही, तिथे तो ती बाटली फक्त कानाच्या भरवशावर फिरवायचा. गाण्यातल्या त्या किंकाळीसारख्या उंच जागा तिथल्या आहेत.

तीन मिनिटांनंतर गाणं जवळजवळ संपतं. आणि मग पियानो सुरू होतो. संताप निवळलेला, मेजर म्हणजे उजळ सुरावटीतला, जवळपास चार मिनिटांचा. हा भाग पियानोवर वाजवणारा होता ड्रमर जिम गॉर्डन. क्लॅप्टनने तो ऐकला, गाण्याला जोडायची इच्छा धरली, आणि काही आठवड्यांनी तो वेगळा मुद्रित करून डाउडने टेप कापून जोडला. जोडताना टेपचा वेग थोडा वाढवला गेला, त्यामुळे तो भाग पांढरी एक आणि काळी एक यांच्या मधे कुठेतरी आहे. पेटीवर तो कधीच नीट लागत नाही, ते त्यामुळे.

या पियानोबद्दल एक हक्काचा प्रश्न आहे आणि तो मांडायलाच हवा. गीतकार म्हणून गाण्यावर दोनच नावं आहेत, क्लॅप्टन आणि गॉर्डन. गायिका रीटा कूलिज तेव्हा गॉर्डनची मैत्रीण होती. तिचं म्हणणं असं, की ही सुरावट आम्ही दोघांनी मिळून ‘टाइम’ नावाच्या गाण्यासाठी बांधली होती. तिची बहीण प्रिसिला हिने बुकर टी. जोन्ससोबत ते गाणं 1973 साली रेकॉर्डही केलं. ते ऐकलं की शंका घ्यायला जागा उरत नाही. बॉबी व्हिटलॉकनेही रीटाच्या बाजूने साक्ष दिली. तरी श्रेयात तिचं नाव आलं नाही. रिफ काढणाऱ्या ड्वेनचंही आलं नाही. एका पुरुषाच्या एका बाईवरच्या प्रेमाचं म्हणून जे गाणं ओळखलं जातं, ते इतक्या हातांनी घडलंय, आणि त्यातल्या बाईच्या हाताला सर्वांत कमी मिळालं, याचं मला वाईट वाटतं.

नोव्हेंबर 1970 मध्ये अल्बम आला आणि फारसं काही झालं नाही. अमेरिकेत विक्रीच्या यादीत तो 16 व्या क्रमांकापर्यंत गेला, ब्रिटनमध्ये तर यादीतसुद्धा शिरला नाही. दुकानात रेकॉर्ड पाहणाऱ्याला हा डेरेक कोण तेच कळेना. मुखपृष्ठावर ना बँडचं नाव, ना क्लॅप्टनचा फोटो, नुसतं एका सोनेरी केसांच्या मुलीचं चित्र. शेवटी कंपनीने ‘डेरेक म्हणजेच एरिक’ असं सांगणारे बिल्ले वाटले. 1971 मध्ये ‘लैला’ वेगळी एकेरी रेकॉर्ड म्हणून काढली, पण रेडिओवर लहान गाणी चालतात म्हणून सात मिनिटांचं गाणं पावणेतीन मिनिटांवर आणलं. पियानोचा भाग सगळाच कापला. अमेरिकेत क्रमांक आला 51.

मग 1972 उजाडलं. दरम्यान ऑक्टोबर 1971 मध्ये ड्वेन ऑलमन मोटारसायकलच्या अपघातात गेला होता, वय 24. त्याच्या आठवणीत निघालेल्या संग्रहात ‘लैला’ घेतली गेली. क्लॅप्टनच्या कारकिर्दीवरच्या संग्रहातही घेतली गेली, आणि या रेकॉर्डच्या नावातच क्लॅप्टन होता. लोकांना पहिल्यांदा कळलं की हे त्याचं आहे. अमेरिकेत एफएम केंद्रं आता लांब गाणी पूर्ण वाजवू लागली होती. पूर्ण लांबीची ‘लैला’ पुन्हा बाजारात आली आणि अमेरिकेत 10 व्या, ब्रिटनमध्ये 7 व्या क्रमांकावर गेली. गाण्यात एक सूरही बदललेला नव्हता. फक्त नावावरचा पडदा उठला होता आणि कापलेला भाग परत मिळाला होता. 1982 साली ब्रिटनमध्ये ते पुन्हा काढलं, तेव्हा तर 4 थ्या क्रमांकावर पोचलं.

पॅटीचं काय झालं? क्लॅप्टनने तिला लंडनच्या एका फ्लॅटवर बोलावून टेप ऐकवली. तिने लिहिलंय, की इतकं जबरदस्त गाणं तिने कधी ऐकलं नव्हतं, आणि त्याच क्षणी तिला धास्ती वाटली की हे माझ्यावर आहे हे सगळ्यांना कळेल. ती नवऱ्याला सोडायला तयार नव्हती. तेव्हा क्लॅप्टनने हेरॉइनची पुडी दाखवून म्हटलं की तू आली नाहीस तर मी हे घेणार. या वाक्यापाशी मी नेहमी थांबतो. गाण्यात जी याचना सुंदर वाटते ती प्रत्यक्षात एका बाईच्या डोक्यावर केवढं ओझं टाकत होती! तो खरोखरच जवळजवळ तीन वर्षं व्यसनात बुडाला. जॉर्ज आणि पॅटी पुढे स्वतःच्या कारणांनी दूर झाले, 1977 मध्ये घटस्फोट झाला, 1979 मध्ये तिने क्लॅप्टनशी लग्न केलं. मित्रांसाठी ठेवलेल्या मेजवानीत जॉर्ज स्वतः येऊन वाजवून गेला. हे लग्नही दहा वर्षांत मोडलं. निजामीच्या मजनूला लैला कधी मिळालीच नाही, म्हणून त्याची गोष्ट कायम अपुरी राहिली. इथे मिळाली, आणि संसार टिकला नाही. तरी गाण्याला त्याची झळ लागली नाही, कारण गाण्यात पॅटी नाहीच, लैला आहे. त्यात तिचं खरं नाव असतं तर ते तीन माणसांचं खासगी प्रकरण ठरलं असतं. निजामीकडून उसनं घेतलेलं नाव कोणालाही आपल्या माणसासाठी वापरता येतं.

1990 मध्ये मार्टिन स्कोर्सेसीने ‘गुडफेलाज’ या सिनेमात फक्त पियानोचा भाग वापरला. एकामागून एक प्रेतं सापडत जातात आणि मागे ही निवांत सुरावट वाजते. प्रेमाचं मानलं गेलेलं संगीत मरणावरही बसतं हे तिथे दिसलं. आणि 16 जानेवारी 1992 ला इंग्लंडमध्ये एमटीव्हीच्या ‘अनप्लग्ड’ कार्यक्रमासाठी क्लॅप्टन साधी गिटार घेऊन बसला. दहा महिन्यांपूर्वी त्याचा चार वर्षांचा मुलगा गेला होता. ओळखता येतं का बघा, एवढं म्हणून त्याने एक संथ, झुलत्या चालीचं गाणं सुरू केलं. लोकांना ओळखायला काही क्षण लागले आणि मग टाळ्या पडल्या. 1970 मध्ये तो ओरडत होता, इथे तो जुनी गोष्ट आठवून सांगत होता. पंचविशीचा लेख 1992 मध्ये 46 वर्षांच्या आवाजात वाचल्यासारखं. पियानोवर चक लेव्हेल होता, जो ड्वेनच्या मृत्यूनंतर ऑलमन ब्रदर्समध्ये गेलेला वादक. आपल्याकडे माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांना ‘लैला’ भेटली ती याच कॅसेटमधून, आणि मूळ गाणं नंतर ऐकल्यावर आधी धक्काच बसला.

1993 मध्ये या सादरीकरणाला सर्वोत्तम रॉक गाण्याचं ग्रॅमी मिळालं. पुरस्कार गीतकारांचा, म्हणजे क्लॅप्टन आणि जिम गॉर्डन दोघांचा. या आवृत्तीत गॉर्डनचा पियानोचा भाग नव्हता, आणि गॉर्डन तेव्हा तुरुंगात होता. स्किझोफ्रेनियाने ग्रासलेल्या गॉर्डनने 1983 मध्ये स्वतःच्या आईचा खून केला होता. त्याला कोणीतरी काही सांगतंय असे आवाज ऐकू यायचे. वेळेत उपचार मिळाले असते तर दोन आयुष्यं वाचली असती. तो 2023 मध्ये कैदेतच वारला. झपाटलेला, म्हणजे मजनून, या शब्दाचा शब्दशः अर्थ या बँडमध्ये ज्याच्या वाट्याला आला तो क्लॅप्टन नव्हता.

मुखपृष्ठावरचं चित्र क्लॅप्टनला 1970 मध्ये फ्रान्समध्ये भेट मिळालं होतं. फ्रान्डसेन द शॉम्बर्ग या चित्रकाराचं. त्या मुलीत पॅटीचा भास होतो म्हणून त्याने ते निवडलं. पुढे ते चित्र पॅटीकडेच आलं. मार्च 2024 मध्ये लंडनच्या क्रिस्टीज या लिलावगृहात तिने आपल्या संग्रहातल्या वस्तू विकायला काढल्या. चित्राला 40 ते 60 हजार पौंड येतील असा अंदाज होता, ते 19 लाख 76 हजार पौंडांना गेलं. त्याच लिलावात ते बारीक अक्षरातलं 1970 चं पत्रही होतं, ज्याच्या मायन्यात तिला नुसतं ‘एल’ म्हटलंय. गाणं व्हायच्या आधीच तिचं नाव लैला झालेलं होतं.

आज रात्री मूळ गाणं लावलंत तर पियानो विरतोय म्हणून लगेच बंद करू नका. सातव्या मिनिटाला सगळी वाद्यं मागे सरतात आणि कुठूनतरी पाखरू चिवचिवल्यासारखा आवाज येतो. ते पाखरू नाही. पडदे संपतात त्याच्या पलीकडे तारेवर टेकवलेली ती औषधाची बाटली आहे, आणि ती फिरवणारा ड्वेन.